बाईंना, सरांना हाताने केलेलं काय द्यावं? अनुभव सांगा

चिमणचारा

मंडळी, मदत हवीय. लेक दुसरीत आहे, वर्ष संपायला तीन आठवडे राहिलेत आणि तिने धोशा लावलाय की बाईंना "मी केलेलंच" काहीतरी द्यायचं. बाई एक, चित्रकलेचे सर एक आणि वर्गावरच्या मावशी, ज्यांनी वर्षभर हिच्या बुटाच्या नाड्या बांधल्या. तिघांनाही द्यायचं म्हणते.

मुद्दाम विचारतेय कारण गेल्या वर्षी मी रात्री जागून कापडाची फोटोफ्रेम शिवली होती, छान झाली होती, हिने फक्त मागे नाव लिहिलं. द्यायला गेलो तेव्हा बाईंनी कौतुकाने विचारलं, "कशी केलीस गं?" आणि ही माझ्याकडे बघत गप्प उभी राहिली. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो. यंदा तसं व्हायला नकोय.

घरी शिलाई मशीन आहे, सरळ शिवण येते, क्रोशे थोडंफार. तिला कातरकाम, चिकटवणं आणि जाड सुईने धावदोरा येतो. इथे कोणी शिक्षक असतील तर त्यांनी जरूर सांगा, काय ठेवून घेता आणि काय नाही? अगदी स्पष्ट सांगा, मनाला लावून घेणार नाही.

सुईदोरा

क्रोशेचे कोस्टर! साखळी घालणं त्या वयात जमतं, तिने साखळ्या घालायच्या आणि तुम्ही त्या गोल गुंडाळून मागून टाके घालायचे. माझ्या भाचीने असेच चार केले होते, एक मोठा एक लहान, पण दिसायला गोड.

फक्त दोरा कॉटनचा घ्या. अ‍ॅक्रिलिक लोकर रंगांना भुलून घेतली जाते पण ती पाणी शोषत नाही, कपाखालचं पाणी तसंच टेबलावर येतं, आणि फार गरम भांडं ठेवलं तर वितळायचीही भीती.

कागदकाम

बुकमार्क. सोपा, सपाट, पर्समध्ये मावतो, जागा अडवत नाही.

पण लोक दोन चुका करतात. एक म्हणजे साधा प्रिंटरचा कागद, तो ७५-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम) असतो, चार दिवसांत दुमडतो. २५० ते ३०० जीएसएमचा कार्डपेपर घ्या. दुसरी म्हणजे वर मणी, टिकल्या, बटणं चिकटवणं. पुस्तक मिटल्यावर ती पानांवर रुततात आणि बांधणी फुगते. सजावट करायचीच तर वरच्या टोकाला गोंडा लावा, तो पुस्तकाबाहेर राहतो.

सुकवलेली फुलंही छान दिसतात पण ती आजच दाबायला ठेवा. जाड पुस्तकात टिपकागदात घालून दोन ते तीन आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात कागद दोनतीनदा बदलायचा. पातळ पाकळ्यांची फुलं घ्या. जाड गर असलेलं फूल आत ओलं राहतं आणि बुरशी धरते. घाईघाईत लॅमिनेट करून टाकलं तर ओल आतच अडकते, माझे सहा बुकमार्क असेच काळे पडले.

पारिजात७

माझ्याही मनातला प्रश्न. वाचनखूण साठवली.

फळा_खडू

१९ वर्षं शिकवतेय, तेव्हा शिक्षकांच्या बाजूने मी सांगते.

काय ठेवून घेतो? खरं सांगायचं तर शोभेच्या वस्तू दरवर्षी इतक्या येतात की घरात ठेवायला जागा उरत नाही, टाकवत तर नाहीच. पेनस्टँड तर विचारूच नका, एका टेबलावर एकच मावतो. पण काही वस्तू आपोआप राहून जातात आणि त्या सुबक असतात म्हणून राहतात असं नाही.

एक सांगते. पाचवीचा वर्ग होता. खडूमुळे थंडीत माझ्या उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला भेगा पडायच्या, चिकटपट्टी लावून फळ्यावर लिहायचे, कोणाजवळ बोलले नव्हते. शेवटच्या बाकावरचा, वर्षभरात माझ्याशी मोजकंच बोललेला एक मुलगा शाळा सुटल्यावर टेबलापाशी आला आणि मूठ उघडून एक नळी पुढे केली. संपलेल्या जाड मार्करची नळी, पुढचं टोक कापलेलं, आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवलेला. त्या रबरामुळे खडू घट्ट बसतो आणि मागून पेन्सिलीचा तुकडा दाबला की पुढे सरकतो. कापलेली कड हाताला लागू नये म्हणून त्याने ती पॉलिश पेपरने घासली होती, आणि नळीवर खिळ्याने कोरून "बाई" एवढंच लिहिलं होतं. देताना म्हणाला, "आता बोट नाही लागणार खडूला."

मी ती नळी बारा वर्षं वापरली. आतलं रबर दोनदा बदललं. आता आमच्याकडे पांढरे फळे आलेत, खडू गेला, नळी मात्र पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.

तेव्हा चिमणचारा ताई, माझं एवढंच सांगणं आहे, वस्तू ठरवण्याआधी लेकीला विचारा की तिच्या बाई दिवसभर काय काय करतात. मुलं आपल्याकडे किती बारकाईने बघत असतात याचा आईबापांना पत्ता नसतो.

सुईदोरा

@फळा_खडू, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं हो बाई.

लंबक

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

माझी आई शिक्षिका होती. तिच्या निवृत्तीनंतर आम्ही कपाट उघडलं तर चार खोकी भरून भेटवस्तू, निम्म्यांवर नावही नाही. ती एकेक काढून म्हणायची, ही कोणाची रे असेल? आणि आठवत नाही याचंच तिला वाईट वाटायचं. हाताने केलेली वस्तू टाकता येत नाही, म्हणून तिचं ओझं विकतच्या वस्तूपेक्षा जास्त होतं. हे देणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरं म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर भेटी दिल्या जातात तेव्हा ज्याच्या घरी या सगळ्याला वेळ नाही, साहित्य नाही, त्या मुलाचं काय? तो रिकाम्या हाताने बसलेला असतो. मी बसलेलो आहे तसा. (हो, शिक्षिकेचा मुलगा असूनही. आई इतरांच्या वह्या तपासत असायची.)

माझं मत, पूर्ण वर्गाने मिळून एकच काहीतरी करावं. प्रत्येकाचा हात लागतो आणि कोणी मागे राहत नाही.

दुपारपाखरू

@लंबक, रिकाम्या हाताचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण एकत्र भेटीचा माझा अनुभव सांगू का? ग्रुपवर ठरतं, उत्साहाने पन्नास मेसेज येतात आणि शेवटी दोनतीन आया बसून करतात. मुलं खाली सही करतात. म्हणजे धागाकर्तीच्या लेकीचं जे झालं तेच तीस मुलांचं होतं.

लंबक

ते कसं करवून घेता त्यावर आहे. आमच्या मुलाच्या वर्गाने तुकड्यांची गोधडी केली होती. ३० मुलं, प्रत्येकाला पांढऱ्या सुती कापडाचा एक चौकोन घरी पाठवला आणि त्यावर बाईंनी शिकवलेली, तुझ्या लक्षात राहिलेली एक गोष्ट काढ असं सांगितलं. कोणी बेडूक काढला, कोणी भागाकार मांडला, एकाने नुसता खिडकीचा चौकोन काढून खाली लिहिलं "इथे बसायला दिलं". पालकांनी फक्त जोडलं.

सुईदोरा

वा, ही कल्पना फार आवडली. मापं सांगाल का?

लंबक

बायकोला विचारून सांगतो.

…तर, शिवून झाल्यावर १५ सेंटिमीटरचा चौकोन राहील असं, म्हणजे चारी बाजूंनी शिवणीला पाऊण सेंमी जास्त सोडून साडेसोळाचे कापले होते. पाच बाय सहा मांडले की ७५ बाय ९० होतं, मांडीवर घ्यायला पुरे. कापड आधी धुवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळे चौकोन चुरगळतात. मुलांना कापडाचे रंग दिले होते, ते पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवली, त्याने रंग पक्का बसतो. आणि कडेला शिवणीत जाईल तेवढ्या भागावर आधीच पेन्सिलीने रेघ मारून द्या, आमच्याकडे दोघांची नावं शिवणीत अर्धी गेली.

नवखा_पालक

घरी केलेला साबण दिला तर? हल्ली खूप बघतोय. मुलगा सातवीत आहे, त्याला प्रयोगाची आवड आहे.

रसशाळा

@नवखा_पालक, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो म्हणून कळकळीने सांगतो, कॉस्टिक सोडा वापरून करायचा साबण मुलांसोबत करू नका. सोडा पाण्यात टाकला की ते द्रावण भयंकर तापतं, वाफ नाकातोंडात जाते, कातडीवर थेंब पडला तर भाजतं, डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. शिवाय असा साबण वड्या पाडल्यावर साधारण चार ते सहा आठवडे मुरवावा लागतो, म्हणजे इथे ज्यांना तीनच आठवडे आहेत त्यांना तसाही उपयोग नाही.

हौसच असेल तर तयार बेसच्या वड्या मिळतात, त्या वितळवून साच्यात ओतायच्या. तेही गरम असतं, ओतायचं काम मोठ्यांनी करायचं.

रेझिनच्या कीचेनबद्दलही (किल्ल्या अडकवायच्या कडीबद्दल) कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो. इपॉक्सी रेझिन घट्ट व्हायच्या आधी कातडीला वारंवार लागलं तर अ‍ॅलर्जी जडते आणि मग ती आयुष्यभर राहू शकते. लहान मुलांच्या हातात ते द्यायचं नाही म्हणजे नाही.

फळा_खडू

साबण, मेणबत्त्या, सुगंधी पिशव्या यांबद्दल माझीही भर. आमच्या शिक्षकखोलीत तिघींना उग्र वासाने डोकं दुखतं. वासाची वस्तू द्यायची तर विचारून द्यावी.

शाईडाग

विचारण्यावरून आठवलं. काही शाळांत भेटवस्तू घ्यायला बंदी असते किंवा किमतीची मर्यादा असते, मुलांनी केलेली वस्तू बहुतेक वेळा चालते पण खात्री करून घ्या. एकीकडे माझ्या पुतणीला दारातूनच परत पाठवलं होतं. हातातला डबा तसाच घेऊन आली, आठवडाभर त्याला हात लावू देत नव्हती कोणाला. एक फोन आधी केला असता तर टळलं असतं.

उंबरठा

इथे लिहायचं की नाही असं बराच वेळ चाललं होतं.

माझ्या मुलाच्या हातांत ताकद कमी आहे. पेन्सिल धरता येते पण एका ओळीनंतर हात दुखतो, कात्री चालत नाही. वर्गात भेटी द्यायचा दिवस आला की त्याला ताप येतो, खरोखरचा येतो. दरवर्षी बायको काहीतरी करायची आणि तो ते घेऊन जायचा, चिमणचारांच्या लेकीसारखाच गप्प.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी सुचवलं की त्याचा अंगठा चालतो ना, मग अंगठा वापरा. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून कार्डपेपरवर ठसे. त्याने ठशांची मुंग्यांची रांग केली, प्रत्येक मुंगीत तीन ठसे, पाय मी काढायला गेलो तर म्हणाला नको, मी काढतो, आणि त्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी चार असे करत नऊ दिवसांत सगळे पाय काढले. काही मुंग्यांना पाच पाय आहेत. बाईंनी विचारलं तेव्हा त्याने एकेक मुंगी कोणत्या दिवशी केली ते सांगितलं, पंधरा मिनिटं बोलत होता. मी दाराशी उभा होतो.

काय दिलं यापेक्षा ते पंधरा मिनिटं बोलणं मला मोठं वाटतं.

(उपयोगाची गोष्ट म्हणून, लहान मुलांसाठी पाण्याने निघणारी शाई घ्या, पक्की शाई चार दिवस बोटांवरून जात नाही.)

पारिजात७

@उंबरठा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. लेकाला शाबासकी सांगा, पाच पायांच्या मुंग्यांसकट.

कागदकाम

उंबरठा दादा, ते कार्ड जपून राहावं असं वाटत असेल तर बाईंना सांगा की उन्हात लावू नका. शाईच्या पॅडची पाण्याने निघणारी शाई उजेडात फिकी पडते. आणि वर्तमानपत्रात किंवा साध्या पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवू नये. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते पिवळं पडतं आणि शेजारच्या कागदालाही डाग धरवतं.

गोफण

सगळे बाईंचंच बोलताय, आम्हा सरांचं काय? मी खेळ शिकवतो. मला आजवर मिळालेल्या भेटींत नऊ फुलदाण्या आहेत. मैदानावर फुलदाणी कुठे ठेवू?

एकदाच एका मुलीने शिट्टीची दोरी विणून दिली. मॅक्रमेच्या चौकोनी गाठी, जाड सुती दोरा, रंग आमच्या संघाचे. सुती असल्यामुळे घाम शोषते, मानेला टोचत नाही. आणि तिने मागे दोन टोकं गाठ मारून बंद न करता एका छोट्या चिमट्याने जोडली होती, म्हणजे कुठे अडकून ओढली गेली तर सुटून येते. तेरा वर्षांच्या मुलीला हे सुचलं. विचारलं तर म्हणाली, सर, तुम्ही जाळीत अडकला होतात ना एकदा.

दुपारपाखरू

बघा, फळा_खडू बाई म्हणतात तेच पुन्हा आलं. मुलांनी बघितलेलं असतं.

हिरवळ

रोपाचा पर्याय कोणी कसा सुचवला नाही! मनी प्लांटची फांदी पेराच्या खाली कापून पाण्यात ठेवली की दोनतीन आठवड्यांत मुळं दिसतात, म्हणजे तुमच्या वेळेत बसतंय. पेर पाण्यात बुडायला हवं, मुळं तिथूनच फुटतात, आणि पानं पाण्याबाहेर ठेवा नाहीतर कुजतात. मुलांना रोज मुळं मोजायला फार आवडतं, तारीखवार मुळांची चित्रं काढून ती छोटी वही रोपासोबत द्या.

मात्र ज्यांच्या घरी मांजर, कुत्रा आहे त्यांना मनी प्लांट नको, चावलं तर तोंडाची आग होते त्यांच्या. त्यांच्यासाठी स्पायडर प्लांट, त्याला लोंबणारी पिल्लं येतात ती तोडून लावायची.

लंबक

@हिरवळ, सुट्टी लागायच्या तोंडावर वर्गात रोप दिलं तर ते महिनाभर कोण बघणार? घरी नेता येईल असं छोटंच द्यावं.

हिरवळ

बरोबर आहे तुमचं. एका पेल्याएवढंच.

बोरू

मला वाटतं काय द्यावं याइतकाच कधी द्यावं हाही प्रश्न आहे. ५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन. शिक्षकांच्या हक्कांबद्दल आणि दर्जाबद्दल युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६६ साली त्या तारखेला एक शिफारसपत्र स्वीकारलं होतं, त्याची आठवण म्हणून १९९४ पासून तो पाळतात, आणि देशोदेशीचे आपापले शिक्षक दिन वेगळे असतात ते आहेतच. आता गंमत बघा, ते शिफारसपत्र आहे शिक्षकांचे पगार, कामाचे तास, प्रशिक्षण, वर्गातली मुलांची संख्या याबद्दल. आणि आपण त्या दिवशी नेऊन देतो फुलदाणी.

मी शिक्षक दिनाला काहीच देत नाही. मुलगा कुठल्याही साध्या मंगळवारी देतो. त्या दिवशी बाईंच्या टेबलावर दुसरं काही नसतं आणि त्यांना नीट बघायला वेळ असतो. लंबक म्हणतात तो रिकाम्या हाताच्या मुलांचा प्रश्नही येत नाही.

फळा_खडू

@बोरू, साध्या मंगळवारचं अगदी खरं. भेटींच्या दिवशी मला कोणी काय दिलं ते संध्याकाळपर्यंत आठवत नाही. कितीही प्रयत्न केला तरी ३५ मुलांशी नीट बोलता येत नाही.

आणि अजून एक विनंती सगळ्या आयाबाबांना. मुलाने सोबत चिठ्ठी लिहिली तर तिचं शुद्धलेखन सुधारू नका. त्या पोराच्या वेलांट्या मी वर्षभर बघितलेल्या असतात, बघताक्षणी ओळखते. सुधारून, पुन्हा चांगल्या अक्षरात उतरवून काढलेली चिठ्ठी आली की मला ती आईची वाटते. लंबक, तुमच्या आईंना आठवत नव्हतं ना कोणाचं काय, चुका असलेली चिठ्ठी आत असती तर आठवलं असतं बघा.

लंबक

तुम्ही म्हणालात म्हणून आज आईला विचारलं. म्हणाली, चार खोक्यांतलं एक मी कोणाला देऊ दिलं नव्हतं, ते माझ्या कपाटात वर आहे. काढून बघितलं तर सगळ्या चिठ्ठ्या. एकीत "बाइ तुम्ही रजेवर जाउ नका" लिहिलंय. नाव नव्हतं. आईने अक्षर बघून नाव सांगितलं.

माझं ओझ्याबद्दलचं मत थोडं बदलतो.

नवखा_पालक

चिठ्ठी लिही म्हटलं की आमचा सातवीतला "तुम्ही खूप छान शिकवता" एवढं लिहून मोकळा होतो. काय करावं?

बोरू

त्याला विचारा, कोणत्या तासाला हसला होतास? कोणता धडा घरी येऊन सांगितलास? तेवढी एकच गोष्ट लिहायला सांगा. तीन ओळी पुरे.

चिमणचारा

मंडळी, खूप खूप धन्यवाद. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, उंबरठा दादांचा त्याहून जास्त वेळा.

फळा_खडू बाईंनी सांगितलं तसं लेकीला विचारलं, तुझ्या बाई दिवसभर काय करतात सांग बरं. मला वाटलं शिकवतात म्हणेल. ती म्हणाली, "बाई चष्मा काढून रजिस्टरवर उलटा ठेवतात, मग त्याच्यावर वह्यांचा गठ्ठा येतो, मग बाई चष्मा शोधतात, मग आम्ही सांगतो." सरांचं विचारलं तर, "सर ब्रश शर्टाला पुसतात." दोन मिनिटांत दोन्ही भेटी ठरल्या!

बाईंसाठी फेल्टचं चष्म्याचं घर करतोय. फेल्टच्या कडांची सुतं निघत नाहीत, दुमडून शिवायची गरज नाही, त्यामुळे तिला जमण्यासारखं आहे. मी फक्त कडेने अर्ध्या अर्ध्या सेंमीवर दाभणाने भोकं पाडून दिली, टाके सगळे तिचे. सुरुवातीला दोन पदर दोरा घेतला तर दिसतच नव्हता, मग सहाही पदर घेतले, बोथट सुई. एका जागी तिने भोक सोडलं आणि टाका तिरका गेलाय. उसवून देऊ का म्हटलं तर म्हणाली नको, तिथे मला शिंक आली होती. तसाच ठेवलाय.

सरांसाठी तिच्या बाबांच्या जुन्या सुती टीशर्टचे वीस चौकोन तिने कापले, एका कोपऱ्यात भोक आणि सगळे एका कडीत ओवले, ती कडी पट्ट्याला अडकवता येते. टीशर्टचं कापड रंग छान टिपतं, कापलं तरी उसवत नाही. सगळ्यात वरच्या चौकोनावर तिने सरांचा शर्ट काढलाय, डागांसकट.

मावशींचं अजून सुचत नाहीये.

सुईदोरा

"तिथे मला शिंक आली होती"! किती गोड. चष्म्याच्या घराचं माप द्या ना, आमच्याकडेही चष्मेवाल्या बाई आहेत.

चिमणचारा

१८ बाय ९ सेंमीचे दोन तुकडे, तीन बाजू शिवायच्या. आधी घरातल्या तिघांचे चष्मे घालून बघितले, आजोबांचा जाड काड्यांचाही बसला. काचेला फेल्टचे तंतू लागू नयेत म्हणून आत मऊ सुती कापड मशीनवर शिवून घातलं, तेवढं माझं काम.

गोफण

सरांच्या वतीने आधीच आभार. वीस फडकी, वा! ही खरी उपयोगाची भेट.

पारिजात७

मावशींचं काय ठरलं ते नक्की कळवा. मदतनीस मावशी, वॉचमन काका यांना बहुतेक वेळा सगळेच विसरतात.

चिमणचारा

उशिरा लिहितेय, माफ करा. शाळा संपली.

बोरूंचं ऐकून आम्ही शेवटच्या दिवसाची वाट न बघता आधीच्या बुधवारी गेलो. बाईंनी विचारलं, "कसं केलंस गं?" आणि ही सुरू झाली. भोकं आईने पाडली, दोरा सहा पदरी आहे, इथे शिंक आली. मला मध्ये एक शब्द बोलावा लागला नाही. बाईंनी तिथल्या तिथे चष्मा त्यात ठेवून दाखवला, परत काढला आणि परत ठेवला. सर म्हणाले, आता शर्ट बिचारा सुटला.

मावशींची भेट तिने स्वतःच शोधून काढली. पुठ्ठ्याचा एक बूट कापला, मोठा, तिच्या पायापेक्षा दुप्पट, लाल रंगवला, पंचने आठ भोकं पाडली आणि त्यात खरी नाडी ओवली. गेले दहा दिवस खोलीचं दार लोटून काय करत होती ते मला तिथे गेल्यावर कळलं. मावशींच्या समोर खाली बसली, पुठ्ठ्याच्या बुटाची नाडी सोडली आणि फासा करून, दुसरा फासा करून, बांधून दाखवली. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा बसली. मावशी काही बोलल्या नाहीत, खाली वाकून त्यांनी गाठ ओढून बघितली, रोज बघायच्या तशी.

फळा_खडू

चिमणचारा ताई, लेकीला माझ्याकडून एक मोठी शाबासकी. पहिलीच्या वर्गासाठी असे पुठ्ठ्याचे बूट करून घेते आता. नाडी किती लांबीची घेतलीत?

चिमणचारा

मापून नाही हो घेतली, तिच्याच जुन्या बुटाची आहे. आठ भोकांना ओवून वर दोन्ही बाजूंना वीतभर तरी उरायला हवी, नाहीतर फासा धरता येत नाही छोट्या बोटांनी. आणि टोकाची प्लास्टिकची नळी शाबूत आहे ना ते बघा, ती निघालेली असेल तर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, ओवायला सोपं जातं.